जायफळवाल्या शेवटी

मला पुरण आवडत नाही. बारा वर्षं पुरणाचं यंत्र चालवलेल्या बाईनं असं म्हणू नये, पण आता गिरणी बंद झाली, गिऱ्हाईक तुटायची भीती राहिली नाही, तर म्हणून टाकते. डाळ ही आमटीत असावी. ती शिजवायची, तिच्यात गूळ घालायचा, कणकेत कोंबायची आणि परत लाटून तव्यावर टाकायची, हे ज्याला सुचलं त्याला घरात दुसरं काम नसणार. आमचे हे होळीला सहा पोळ्या खातात. मी त्या दिवशीही भाकरी आणि ठेचा खाते. लग्नानंतरच्या पहिल्या होळीला सासूबाईंनी विचारलं, "बरं वाटत न्हाय का हिला?" मी म्हटलं, "बरं वाटतंय, म्हणूनच खात न्हाय." हे त्यांनी शेवटपर्यंत लक्षात ठेवलं.

बारामतीत पिंपळीच्या बाजूला जाणाऱ्या रस्त्यावर आमची पिठाची गिरणी होती. हे एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात कामाला, म्हणून गिरणी माझ्याकडं. नव्वदच्या आसपास यांनी पुण्याहून पुरणाचं यंत्र आणलं. मला विचारलं नाही. मोटारसायकलला बांधून आणलं आणि दारात उभं राहून म्हणाले, "आता बघ, होळीला रांग लागंल." रांग लागली हे खरं, पण त्या रांगेपुढं मी उभी राहायची आणि हे कारखान्यात.

ज्यांच्या घरी पुरण आयतं ताटात येतं, त्यांच्यासाठी थोडं सांगते. हरभऱ्याची डाळ बोटानं चेपेल इतकी शिजवायची, पाणी निथळून बाजूला काढायचं. त्या पाण्याची आमटी होते आणि एवढ्या सगळ्या खटाटोपात खाण्यासारखी तेवढीच गोष्ट असते. मग डाळीत गूळ घालून, उलथनं उभं राहीपर्यंत आटवायची आणि गरम आहे तोवर वाटायची. पाट्यावर दोन किलो वाटायचं म्हणजे बाईची सकाळ जाते आणि खांदेही जातात. यंत्रात पाच मिनिटांचं काम. वरच्या तोंडातून डाळ घालायची, आतला स्क्रू ती पुढं रेटतो आणि जाळीतून पुरण बाहेर पडतं. हे यंत्र मुळात खिमा करायचं आहे. दुकानदारानंच यांना सांगितलं होतं की, "हेच आमी खाटकालाबी देतो, जाळी तेवढी बदलायची." आमचं यंत्र कोरं होतं, त्याला मटणाचा वाससुद्धा लागलेला नव्हता, तरी ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. माझ्या रांगेतल्या निम्म्या बायकांनी त्या दिवशी पाटे धुवायला काढले असते.

बाईचं नाव, गाव, सासर, माहेर काही ठाऊक नसलं तरी डब्याचं झाकण उघडलं की ती कशी असेल ते मला कळायचं. साखर कारखान्याचे सभासद असलेल्या घरातून पांढुरकं पुरण यायचं. कारखान्याची साखर घरात येते तर पुरणात गूळ घालणं म्हणजे त्यांना फितुरीच वाटायची. ज्यांचा ऊस गुऱ्हाळाला जायचा ते साखरेच्या पुरणाला "पेढ्याचा भुगा" म्हणायचे. एमआयडीसीत बदलून आलेल्या एका साहेबाची बायको तुरीच्या डाळीचं पुरण आणायची. तिला बघून मागच्या बायका पदर तोंडाला लावायच्या. एक म्हातारी पुरणात मिरं घालायची आणि कारण विचारलं तर नवऱ्याकडं बोट दाखवायची. नवरा वारून वीस वर्षं झाली होती. वेलची, सुंठ, बडीशेप, जायफळ, यातलं आपल्या घरात जे पडतं तेवढंच खरं, बाकी सगळे चुकलेले, यावर मात्र सगळ्यांचं एकमत असायचं.

आता यंत्राची खोड सांगते, कारण पुढचं सगळं त्या खोडीमुळं घडलं. एकीचं पुरण संपलं तरी ओंजळभर आतच राहतं. पुढचीची डाळ पडली की ते आधी बाहेर येतं. यंत्र सोडून, धुऊन, परत जोडायला पंधरा मिनिटं लागतात आणि होळीच्या रांगेत पंधरा मिनिटं म्हणजे भांडणाला आमंत्रण. म्हणून मी जाळीखाली आधी एक ताटली धरायची. पहिलं ओंजळभर ताटलीत, मग बाईचा डबा पुढं करायचा. ताटलीतलं शेजारच्या गोठ्यातल्या गाईला. तरीसुद्धा आधीच्या पुरणाचा वास मागच्या डब्यात जायचा तो जायचाच. एका होळीला कॉलेजात जाणाऱ्या एका पोरीनं पुरणात अननसाचा इसेन्स घातला. काय झालं ते मला चौथ्या डब्याला कळलं. तोवर तीन डबे पुढं गेले होते. त्या तिन्ही घरी अननसाच्या पोळ्या झाल्या आणि त्यातल्या एका घरी सुनेला दोष गेला. दुसऱ्या दिवशी ती सासू माझ्या दारात आली. पोळी घेऊनच आली.

त्यानंतर मी नियम केला. रांगेत आधी वेलचीवाल्या, मग सुंठ-बडीशेपवाल्या आणि शेवटी जायफळवाल्या, कारण जायफळाचा वास सगळ्यात चिवट. नियम मी केला खरा, पण करवून घेतला रुक्मिणीआक्कांनी.

आक्का म्हणजे आमच्या गल्लीतलं शेवटचं कोर्ट. नवरा लवकर गेलेला, नऊ एकर ऊस एकटीनं बघितला, पोरगी शिकवली, तिचं लग्न केलं. होळीला सहाच्या आधी डबा घेऊन गिरणीच्या पायरीवर हजर. नियम बाकीच्यांना, पहिला नंबर त्यांचा, यंत्र धुतलेलं पाहिजे, ते पुसायचं फडकंही त्या घरून आणायच्या. त्यांच्या पुरणात सुंठ आणि बडीशेप. जायफळाचं नाव काढलं की चेहरा आंबायचा. "ते काय खायाचं हाय व्हय? उंदराच्या लेंडीला बी वास बरा आसतो," असं म्हणायच्या. का, हे कधी सांगितलं नाही आणि आक्कांना का असं विचारायची पद्धत नव्हती.

जायफळवाल्यांत गायकवाडबाई होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. घर बौद्ध, वडिलांच्या पिढीनंच जुने सण सोडलेले. होळी त्यांच्या दारात पेटायची नाही, पण शाळेला सुट्टी असायची आणि पोरांना पोळी हवी असायची. "पोळी खायला होळी कशाला लागते?" असं त्या म्हणायच्या. त्या अर्धं जायफळ किसून घालायच्या. नियमाप्रमाणं त्यांचा नंबर शेवटी. त्यांनी कधी कुरकुर केली नाही. पुढं पुढं तर त्या यायच्याच अकरा वाजता, तपासायच्या वह्या पिशवीत घेऊन.

मग एका होळीला त्या सकाळी लवकर आल्या, रांग संपेपर्यंत थांबल्या, शेवटी मी त्यांचा डबा घेतला. झाकण उघडलं तर वेलचीचा वास. मी मान वर केली. बाई शांतपणे म्हणाल्या, "यंदा जायफळ घातलं नाही, शोभाताई. बघावं म्हटलं नंबर कितवा लागतो."

मी हसले. म्हटलं, "आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाहीत. डॉक्टरीणबाईंना विचारलंत. त्यांच्यात जायफळ होतं, तरी त्यांचं पाचव्या नंबरला झालं."

"त्यांचा दवाखाना उघडायचा असतो ना."

"हो, असेल," असं म्हणून त्यांनी डबा उचलला. वह्यांची पिशवी खांद्याला लावली आणि गेल्या. मी ताटली गाईपुढं रिकामी केली आणि मनाला समजावलं की गर्दीत चुका होतात. खोटं कशाला बोलू, मला तेव्हाच कळलं होतं. डबा न उघडता कुणाला शेवटी बसवायचं हे माझा हात आधीच ठरवत होता आणि त्याला मी जायफळ म्हणत होते.

आता आक्कांची पोरगी. सुनंदा. दिली होती भिगवणजवळ डाळजला. नवरा विलास, बारामती एमआयडीसीत कामाला, रोज मोटारसायकलवर ये-जा करणारा, गरीब स्वभावाचा. सगळं ठीक होतं. पण लग्नानंतरच्या बैलपोळ्याला सुनंदानं सासरी पुरण केलं, आईच्या हातचं, बडीशेपेचं. सासू जायफळवाली. एक घास खाऊन म्हणाली, "हे पुरान हाय का पानाची टपरी?" सुनंदा आक्काचीच पोरगी. ती म्हणाली, "तुमच्या जायफळानं ह्या घरातली सगळी माणसं झोपल्यात, म्हणून दुपारी रानात कुणी दिसत न्हाय." सासऱ्यांना दुपारी झोपायची सवय होती. झालं, सासूनं पिशवी भरून दिली आणि म्हणाली, "जा आईकडं, खा बडीशेप."

हसू नका. तेवढ्यावरून पोरगी सहा-सात महिने माहेरी बसली. आक्का म्हणायच्या, आधी विहीणबाईंनी माझं पुरण गोड मानून घ्यावं. विहीणबाई म्हणायच्या, आधी पोरीच्या आईनं जायफळ घालून ताट वाढावं. दोघींचा मान त्या एवढ्याशा फळावर अडकला होता आणि मधे दोन तरुण माणसं वाळत होती. विलास दर रविवारी दळण घेऊन माझ्याकडं यायचा. डाळजहून बारामतीत, वाटेतल्या सगळ्या गिरण्या सोडून. सुनंदाही त्याच वेळी आईचं दळण घेऊन यायची. मी जातं मुद्दाम हळू चालवायची. तीन माणसांच्या घरात आठवड्याला दहा किलो पीठ कोण खातं, हे विचारायचं नाही एवढी अक्कल मला होती. एकदा मी सुनंदाला म्हटलं, "अगं, निघून जा की सरळ त्याच्याबरोबर." ती म्हणाली, "जाईन वो. पन आईला खाली बघायला लावून न्हाय जायाची."

त्या वर्षी भावकीतल्या कुणीतरी मध्यस्थी केली. डाळजची माणसं जेवायला येणार असं ठरलं. जेवण गोड झालं तर पोरगी त्यांच्याबरोबर जाईल, नाही तर कायमचं मोडेल असंच सगळे धरून चालले होते. दिवस कुणी ठरवला कोण जाणे, पण तो निघाला चौदा एप्रिल. आक्कांच्या डोक्यात ती तारीख नव्हती. सणवार नाही, गिरणीत कुणी नसेल, यंत्र कोरडं असेल, असं समजून त्यांनी डबा सुनंदाच्या हाती दिला आणि स्वतः कटाची आमटी फोडणीला टाकायला बसल्या.

चौदा एप्रिल माझ्याकडं होळीच्या खालोखाल गर्दीचा दिवस. बाबासाहेबांची जयंती, वस्तीत घरोघरी गोडधोड. सुनंदा आली तेव्हा बारा-पंधरा बायका रांगेत, नव्या साड्या, लाऊडस्पीकरवर गाणी. नियम होळीपुरताच असायचा. गायकवाडबाईंचा डबा यंत्रात पडत होता आणि त्या दिवशी त्यांनी जायफळाला हात आखडता घेतला नव्हता. सगळी गिरणी त्या वासानं भरली होती.

सुनंदा दारात थांबली. नाक वर करून तिनं वास घेतला. मी म्हटलं, "तू अर्धा तास थांब, रांग संपली की यंत्र धुऊन देते."

ती म्हणाली, "नगं वहिनी. बाईंच्या मागं लगीच माझं घाला."

रांगेतल्या बायकांनी तिला जागा दिली. तिच्या घरी आज काय आहे ते गल्लीला ठाऊक होतं. मी सवयीनं ताटली पुढं केली. तिनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या. पडू द्या डब्यातच." मग ती बाईंकडं वळली. चौथीत ती त्यांच्याच वर्गात होती. "बाई, तुमच्यातलं अजून दोन पळ्या द्याल?"

बाईंनी तिच्याकडं बघितलं. "देते की. पण तुझी आई खाईल का हे?"

"कळलं तर न्हाय खायाची."

"जायफळ आहे म्हणून?"

सुनंदा खाली बघत म्हणाली, "तिलाच इचारा, बाई. मला न्हाय सांगता यायाचं."

बाईंनी दोन नाही, चार पळ्या घातल्या. म्हणाल्या, "पोळ्या पातळ लाट. वास जास्त सुटतो." माझ्या रांगेतली सगळ्यात शहाणी बाई मी इतकी वर्षं शेवटी उभी करत होते.

जेवणाला मी नव्हते. विलासनं पुढच्या रविवारी सांगितलं. त्याच्या आईनं पहिला घास घेतला, थांबली, दुसरा घेतला आणि म्हणाली, "आता कसं पुरान झालंय बघा." तिला वाटलं विहीण नमली.  आक्कांनीही पोळी खाल्ली, वर अजून एक घेतली. विहीणबाईंनी स्वतः उठून सुनंदाची पिशवी उचलली. "रविवारी आला कशाला मग?" मी विलासला विचारलं. तो पिठाच्या पोत्याकडं बघून म्हणाला, "सवय लागली वो, वहिनी."

आक्कांपासून मी वर्षभर तोंड लपवलं. दळणाला आल्या की कामात असल्यासारखं करायची. त्यांना कळलं तर माझी गिरणी संपली. गल्ली त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. आणि खरं सांगायचं तर तेवढीच भीती नव्हती. त्यांनी 'बाटवलंस' असा शब्द काढला असता, तर मी काय केलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. बहुतेक माफी मागितली असती. त्याची लाज आजही वाटते.

पुढची होळी आली. मी सहाला शटर वर केलं तर आक्का पायरीवर. डबा, फडकं, सगळं नेहमीसारखं. मी यंत्र जोडलं, हात पुढं केला. आक्का म्हणाल्या, "दुसऱ्यांचं घे. मला घाई न्हाय."

रांग सुरू झाली. वेलचीवाल्या झाल्या. सुंठवाल्या झाल्या. आक्का कोपऱ्यात गव्हाच्या पोत्यावर बसलेल्या, डबा मांडीवर. दर थोड्या वेळानं मी विचारायची, त्या मान हलवायच्या. डबा गार झाला. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या. नऊ झाले, दहा झाले. गार पुरण वाटताना यंत्र अडतं, हे मी सांगून बघितलं. "आडू दे," म्हणाल्या.

अकराला गायकवाडबाई आल्या, वह्यांची पिशवी घेऊन. आक्कांना बघून दारातच थांबल्या. आक्कांनी त्यांच्याकडं बघितलं नाही, माझ्याकडं बघितलं.

"पाच तास बसलीया मी हितं," त्या म्हणाल्या. "ही येवढ्या उशिरा का येती?"

मी यंत्राची जाळी पुसायला घेतली. नियम त्यांनी सांगितला होता, पण चालवला मी होता, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. 

"बाईंचं आदी घाल," आक्का म्हणाल्या. "मग माझं."

"आक्का, त्यांच्यात जायफळ असतं."

"मला नाक न्हाय व्हय? त्या दिवशी पयल्या घासालाच कळलं मला." मग आवाज उतरवून, जरा बाईंकडं वळून, म्हणाल्या, "ही सुनंदी दोन म्हयन्याची आसताना माझ्या जावंनं गुटीत जायफळ जास्ती उगाळलं. पोरगी दिवसभर उठंना. मी तिच्या छातीवर हात ठिवून बसली हुती, हलतीया का बघत. तवापास्नं त्यो वास आला की मला ती निपचित पोरगी दिसती. त्या दिवशी बी दिसली. पोरीचं तोंड बगितलं आन् खाल्लं."

बाई म्हणाल्या, "आक्का, मग आज नको. मी थांबते, तुमचं आधी होऊ दे."

"लई थांबला तुमी," आक्का म्हणाल्या.

मी बाईंचं पुरण काढलं. घमघमाट सुटला. आक्कांनी नाकाला पदर लावला, पण जागच्या हलल्या नाहीत. मग त्यांचा डबा घेतला, गार डाळ यंत्रात लोटली आणि सवयीनं जाळीखाली ताटली धरली. आक्कांनी ती हातानं बाजूला सारली आणि तिथं आपला डबा धरला.

त्या दिवसापासून ताटली मी गिरणीत ठेवली नाही, आणि नंबर जो आधी येईल त्याचा. शेजारच्या गाईचं तेवढं नुकसान झालं.